अडतीस नावांची यादी

संध्या गायधनीला माणसं फारशी आवडत नसत आणि ही गोष्ट तिने कधी लपवलीही नाही. नाशिकरोडला जेलरोडच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर. वडील, म्हणजे अण्णा, प्रेसमध्ये कामाला. संध्याकाळी घरी आले की पाय धुवायच्या आधी मुलीची गणिताची वही उघडून बसायचे आणि कौतुकाने मान डोलवायचे. दहा वर्षांची संध्या त्यांना सांगायची, "अण्णा, ते उत्तर नाहीये. तो प्रश्न आहे." अण्णा हसायचे. तिला त्यांच्या हसण्याचाही राग यायचा.

एक्क्याण्णव साली ती कॉलेजात गेली तेव्हा तिथे नुकताच संगणक-कक्ष झाला होता. आत एसी, गुळगुळीत फरशी, आणि दाराशी पाटी: चपला बाहेर काढाव्यात. पोरं गाभाऱ्यात शिरल्यासारखी आत जायची आणि तिघं-तिघं एका पडद्यासमोर हात मागे बांधून उभी राहायची, कारण बटणं दाबायचा अधिकार एकट्या लॅब असिस्टंटला होता. संध्या पहिल्या दिवशी चपलांसकट आत गेली. तिला हाकललं. दुसऱ्या दिवशी ती अनवाणी गेली, पण असिस्टंट चहाला गेल्याबरोबर त्याच्या खुर्चीत बसली आणि त्याने महिनाभर घोळवलेला प्रोग्रॅम तिने दहा ओळींत करून ठेवला. त्या माणसाबद्दल तिला त्या दिवशी जी तुच्छता वाटली ती तिला इतकी मानवली की पुढे आयुष्यभर तिने ती सोडली नाही.

मग तिला कोणीच पुरेना. प्राध्यापक तिच्या मते जुन्या वह्या वाचून दाखवणारे, मैत्रिणी लग्नाची वाट बघणाऱ्या, आणि बघायला येणारी मुलं तर विचारूच नका. निफाडकडच्या एका मुलाला तिने पोह्यांची बशी पुढे करता करता विचारलं, शेवटचं पुस्तक कुठलं वाचलं? त्याने प्रामाणिकपणे आठवून सांगितलं, "दहावीचं." आई आतल्या खोलीत जाऊन रडली. संध्या पुण्याला जाऊन पीएचडीला बसली. लहान मुलं संगणकावर खेळता खेळता अंकगणित कशी शिकतात, हा विषय. सात वर्षं लागली. परत आली तेव्हा नावाआधी डॉक्टर लागलं होतं आणि तिशी ओलांडली होती.

२००४ च्या जूनमध्ये तिला केंद्रात जागा मिळाली. केंद्राचं पूर्ण नाव इतकं लांबलचक होतं की गंगापूर रोडवरच्या पाटीवर ते तीन ओळींत कोंबलेलं होतं. त्यामुळे सगळे नुसतं केंद्र म्हणत. जागेचं नावही तसंच: पोस्ट-डॉक्टरल संशोधक, शैक्षणिक खेळ व सॉफ्टवेअर निर्मिती. मुदत दोन वर्षं. काम उतरलं तर जागा कायम, नाहीतर नमस्कार. अण्णा तोवर रिटायर झाले होते आणि दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले होते, "आमची संध्या पीएचडीच्या पुढचं शिकते." ती म्हणायची, "शिकत नाही अण्णा, संशोधन करते." अण्णा "बरोबर, बरोबर" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायचे.

केंद्राचे संचालक डॉ. सावळीराम बोरस्ते. गळा सदा हाराला तयार. त्यांच्या टेबलावरच्या संगणकाला झालरीचं कव्हर होतं आणि ते कव्हर काढलेलं संध्याने दोन वर्षांत दोनदाच पाहिलं, एकदा धूळ पुसायला आणि एकदा दसऱ्याला झेंडू वाहायला. आलेली ई-मेल कारकून छापून आणून देई, सर तिच्यावर लाल शाईने शेरा मारत आणि कारकून तो शेरा टाइप करून पाठवी. असा माणूस शैक्षणिक सॉफ्टवेअरवर देशभर व्याख्यानं देत फिरत होता. संध्या त्यांच्यासमोर उभी राहून "हो सर" म्हणायची आणि मनात त्यांची साल काढायची. साल काढण्यातच आपण त्यांच्यापेक्षा वेगळे आहोत असं तिला वाटे. तसं वाटून घ्यायला फारसे कष्ट पडत नाहीत.

पण खेळ मात्र तिने जीव ओतून केला, हे मान्य करायला हवं. 'खारूताईचं झाड' असं त्याचं नाव. पडद्यावर उंच झाड, बुंध्याशी खार. गणित बरोबर आलं की खार एक फांदी वर, चुकलं की एक फांदी खाली. दिसायला एवढंच. पण आत तिने असं काही गुंफलं होतं की प्रत्येक मूल कुठे अडतं, किती सेकंद थांबतं, कुठली चूक पुन्हा पुन्हा करतं, ते सगळं टिपलं जाई आणि पुढची गणितं त्या मुलाच्या चुकीला धरून येत. बोरस्ते सरांना खारीच्या जागी रॉकेट हवं होतं, कारण रॉकेट परिषदेत उठून दिसतं. ती हटली नाही. तिला दोन गोष्टी हव्या होत्या: खेळ खरा ठरायला हवा होता आणि जागा कायम व्हायला हवी होती. या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत येतात अशी तिची समजूत होती.

चाचणीसाठी शाळा ठरली ती सुरगाणा तालुक्यातली एक आश्रमशाळा. चौथीचा वर्ग, पट अडतीस. आदिवासी मुलांवर प्रयोग म्हटला की अर्ज पटकन मंजूर होतो, हे सरांचं ज्ञान. २००५ च्या जुलैत संध्या जीपमध्ये मांडीवर मॉनिटर घेऊन घाट चढून गेली. शाळेचे मुख्याध्यापक, धोंडीराम गुरुजी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस, पांढरी टोपी, तोंडात सतत "हो साहेब". बाईलाही साहेब. त्यांनी संगणक ऑफिसात ठेवला, मॉनिटरला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि वर्गाला सांगितलं, "चपला बाहेर काढा रे." संध्याला चौदा वर्षांपूर्वीचा एसी आठवला. एवढ्या वर्षांत हा देश एका चपलेएवढाही पुढे सरकला नाही, असं ती तिथेच मोठ्याने म्हणाली. गुरुजी म्हणाले, "हो साहेब."

दोन दिवस तिने अडतीस मुलांची तोंडी परीक्षा घेतली, एकेकाला समोर बसवून. मग नावं संगणकात भरली आणि गुरुजींना बजावलं. प्रत्येक मुलाने आठवड्यातून तीन वेळा खेळायचं, पाच-पाच मिनिटं. आपलं नाव यादीतून निवडायचं आणि बसायचं. "एकही खेळी चुकता कामा नये. अडतीसच्या अडतीस नोंदी मला दर आठवड्याला पाहिजेत. रिकामा रकाना मी चालवून घेणार नाही." आणि मुलांकडे वळून, जरा आवाज मऊ करून: "खेळलं की गणित सुधारतं. रोज थोडं थोडं सुधारतं. कळलं?" मुलं मॉनिटरवरच्या कुंकवाकडे बघत होती. दाराच्या चौकटीला टेकून एक पोरगी उभी होती, साधारण दहा वर्षांची, हाताला पीठ लागलेलं. तिने मात्र मान हलवली.

गुरुजी म्हणाले, "साहेब, अजून एक नाव घालाल का? ही मीना. आमच्या स्वयंपाकीणबाईंची, झुंबरबाईची पोरगी हे. मंजूर संख्या भरली म्हणून पटावर नाय घेता आली. नाव गावच्या शाळेत हाय, पण ते सहा किलोमीटर. मग हितंच बसते मागं. लय हुशार हे."

"यादी बंद झाली," संध्या म्हणाली. "संशोधनात मध्येच कोणालाही घुसवता येत नाही. हे काही लग्नाचं आमंत्रण नाही." आणि तिने खरोखरच यादी अशी बंद करून टाकली की तिच्याशिवाय कोणाला नवं नाव घालता येऊ नये. नियम म्हणून ते बरोबरच होतं. मीनाने पीठ फ्रॉकला पुसलं आणि ती आत निघून गेली.

त्यानंतर दर शनिवारी सुरगाण्याच्या एसटीचा कंडक्टर नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवर एक पाकीट आणून देई. पाकिटात फ्लॉपी, फ्लॉपीवर अडतीस नावांच्या नोंदी. एक रकाना रिकामा नाही. संध्या ती फ्लॉपी मांडीवर धरून रिक्षाने केंद्रात येई आणि सोमवारपर्यंत उठत नसे. काय सुंदर नोंदी होत्या! यादव नावाचा मुलगा सहा आणि नऊ उलटे करायचा, दर वेळी, न चुकता. हिरामण सगळ्यांत वेगवान, पण घाईत शेवटचा आकडा चुकवायचा. सावित्री भोये हातचा घ्यायला विसरायची आणि विसरण्याआधी नेमके चार सेकंद थांबायची. हळूहळू, आठवड्या-आठवड्याने, या चुका कमी होत होत्या. यादवचे नऊ सुलटे होत होते. सावित्रीला हातचा आठवू लागला होता. अडतीस मुलं, अडतीस वाटा. पुण्याच्या सात वर्षांत तिने असं काही पाहिलं नव्हतं. डिसेंबरात तिने पेपर लिहिला. बोरस्ते सरांनी तो वाचला नाही, पण पहिलं नाव स्वतःचं घातलं. तिला तेही चाललं, कारण या अडतीस जणांवर तिचा मनापासून जीव जडला होता. माणसं प्रत्यक्ष समोर नसली की तिला ती आवडू शकत, हा तिच्या स्वभावातला एक गमतीचा भाग.

संक्रांतीनंतरच्या रविवारी दिंडोरीजवळ मावशीकडे हळदीकुंकू होतं. संध्या आईच्या आग्रहाखातर गेली आणि बायकांची तोंडं बघून पंधरा मिनिटांत कंटाळली. मावशीच्या घरामागे द्राक्षाचा बाग होता, तोडणी चालू होती. ती वाण तसंच हातात धरून बागेत गेली. मांडवाखाली मजूर बायका घड कापत होत्या आणि एक पोरगी क्रेटमध्ये कागद अंथरत होती. पोरीने वर बघितलं. डाव्या भुवईवर व्रण. हा व्रण संध्याने जुलैत समोर बसवून वीस मिनिटं पाहिला होता.

"तू सावित्री ना? सावित्री भोये?"

पोरगी आईच्या मागे लपली. आई, भागीबाई, हातातली कात्री न सोडता म्हणाली, "हो बाई. आमची सावितरी. का?"

"ही शाळेत का नाही?"

"दिवाळीपून आम्ही हिकडंच हाय ना. समदाच पाडा आला. होळीला जाऊ माघारी. तिला तिथं एकटी कशी ठेवू, आजारी पडली तर कोण हे?"

संध्याच्या पर्समध्ये कालचीच फ्लॉपी होती. त्या फ्लॉपीनुसार सावित्री भोये गेल्या मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी खेळायला बसली होती आणि बारापैकी अकरा बेरजांत तिने हातचा बरोबर घेतला होता. संध्या खाली वाकली. "सावित्री, तू खारूताई खेळलीस की नाही कधी?"

"नाय," सावित्री आईच्या लुगड्याआडून म्हणाली. "ते मीना खेळते ना. आमचं समद्यांचं."

सोमवारी पहाटेच्या गाडीने संध्या सुरगाण्याला निघाली. रस्ताभर ती धोंडीराम गुरुजींना काय काय बोलायचं ते जुळवत होती आणि तिथे पोहोचल्यावर तिने ते सगळं बोलून घेतलं. लबाड म्हणाली, अडाणी म्हणाली, तुमच्यासारख्यांमुळेच ही मुलं इथे कुजतायत असंही म्हणाली. गुरुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांना राग आलेला दिसत नव्हता, कोडं पडलेलं दिसत होतं.

"साहेब, तपासणी म्हणल्यावर हुशार पोरगं पुढं बसवायचं असतंय," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं झाली, मी तेच करतो. दीप्टी आले तरी तेच, प्रकल्पाचे साहेब आले तरी तेच. साहेब खूश होऊन जातात, शाळा सुखी. तुमची तपासणी जरा लांबली, एवढंच. अन् लाईट दोन तास. पोरं मशीनला भीतात. निम्मी दिवाळीनंतर द्राक्षाला. तुम्ही म्हणलात रकाना रिकामा नको. मग मी काय करावं?"

"ही तपासणी नाही! हे संशोधन आहे!"

"हो साहेब," गुरुजी म्हणाले. त्या दोहोंतला फरक त्यांना आजवर कोणी करून दाखवला नव्हता, आणि पुढेही कोणी करून दाखवणार नव्हतं.

मग तिने मीनाला बोलावलं. मीना नागलीचं पीठ मळत होती, हात धुऊन आली. संध्याने विचारलं, अडतीस जणांचं तू एकटीच खेळलीस? मीना हो म्हणाली. मग सगळ्यांच्या चुका वेगवेगळ्या कशा?

मीनाला प्रश्नच कळेना. "ती पोरंच येगळी हायेत ना बाई. यादवला सहा अन् नऊ उलटं दिसतं. मग त्याचं नाव असलं की मी उलटं दाबायची. हिरामण लय घाई करतो. सावितरी आठवत बसते अन् मग विसरतेच. मी वर्गात मागं बसते, समद्यांचं दिसतं मला."

"आणि मग सुधारले कसे सगळे?"

"तुम्हीच सांगितलं ना. खेळलं की रोज थोडं थोडं सुधारतं." मीना आठवून म्हणाली, "एकदम नाय केलं मी. थोडं थोडंच सुधरवलं."

पीएचडीची सात वर्षं आणि वर ही दोन. एका दहा वर्षांच्या पोरीने संध्याचा सिद्धांत आज्ञाधारकपणे खरा करून दाखवला होता. वर्गातल्या अडतीस पोरांना नेमकं काय येत नाही, हे त्या पोरीला संध्याच्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त माहीत होतं. सॉफ्टवेअरला जे माहीत होतं ते मीनानेच शिकवलेलं होतं. दुसऱ्या कोणी त्या क्षणी विचारलं असतं, पोरी, तुझं स्वतःचं गणित कसं आहे? तू स्वतःच्या नावाने खेळलीस तर कुठवर जाशील? संध्याने विचारलं नाही. तिला शेवटची जीप गाठायची होती.

दुसऱ्या दिवशी तिने बोरस्ते सरांना सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, बेल वाजवून चहा मागवला.

"मॅडम, नोंदी अडतीस आहेत की नाहीत?"

"आहेत सर, पण..."

"खोट्या आहेत का? आकडे आपण बसून बनवले का? नाही. मुलाने बटणं दाबलीत. मूल कुठलं, हा तपशील झाला." त्यांनी चहा बशीत ओतला. "आठ मार्चला दिल्लीची समिती येतेय. शाळा बघणार, मुलांना खेळताना बघणार. त्याच दुपारी तुमची जागा कायम करायचा ठराव आहे. बघा बुवा. तुम्ही हुशार आहात."

संध्या ताडकन उठून बाहेर आली. या माणसाच्या हाताखाली आता एक दिवसही राहायचं नाही, असं ठरवून तिने राजीनामा लिहिला. तो तिला पुरेसा झणझणीत वाटेना म्हणून पुन्हा लिहिला. तिसरा खर्डा खरोखर चांगला उतरला. त्यात सत्य, विज्ञान आणि आत्मसन्मान हे तिन्ही शब्द आले होते. तो तिने घडी करून पर्समध्ये ठेवला, योग्य वेळी द्यायचा म्हणून. घरी अण्णांनी विचारलं, "मार्चमध्ये पर्मनंट होणार ना गं?" ती म्हणाली, "बघू." अण्णांनी संध्याकाळी दूधवाल्याला सांगितलं, पोरगी मार्चमध्ये पर्मनंट होतेय. राजीनामा पर्समध्ये राहिला. फेब्रुवारी गेला. योग्य वेळ काही येईना, आणि समितीच्या तयारीची इतकी कामं निघाली की ती शोधायलाही तिला सवड मिळाली नाही.

आठ मार्चला दोन सुमो घाट चढून शाळेत आल्या. मुलांनी लेझीम खेळून दाखवली. द्राक्षाला गेलेल्या मुलांच्या जागा भरायला गुरुजींनी दुसऱ्या पाड्याच्या शाळेतून मुलं उसनी आणली होती, ती पुढच्या रांगेत हात बांधून उभी होती. आमची मुलं, असं बोरस्ते सर समितीला म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज दाटून आला होता. समितीच्या प्रमुख एक दिल्लीच्या बाई, केस पांढरे, नजर चांगली. त्या म्हणाल्या, भाषणं पुरे, मला एखादं मूल खेळताना पाहायचंय.

ऑफिसात सगळे जमले. संगणक चालू झाला, झाड आलं, बुंध्याशी खार आली. गुरुजींनी संध्याकडे बघितलं. या वेळी त्यांनी स्वतः कोणाला पुढे केलं नाही; एकदा शिव्या खाल्ल्या होत्या. बोरस्ते सरांनीही संध्याकडे बघितलं. ऑफिस लहान, गर्दी पुष्कळ, आणि पर्समध्ये तो कागद. आता नाही तर कधीच नाही, हे तिला अगदी स्पष्ट कळत होतं. तिच्या बुद्धीत कधीच काही कमी नव्हतं.

"मीना," तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हाक मारली. "ये. बस."

मीना आली. चपला तिला नव्हत्याच, त्यामुळे काढायचा प्रश्न नव्हता. हात फ्रॉकला पुसून ती खुर्चीत चढून बसली, पाय जमिनीला टेकेनात. पडद्यावर अडतीस नावांची यादी उघडली. मीनाने मान वळवून हळूच विचारलं, "बाई, आज कोणाचं खेळू?"

दिल्लीच्या बाईंना मराठी कळत नव्हतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, मुलगी काय म्हणतेय?

"सुरुवात करू का, विचारतेय," संध्या म्हणाली.

"वा. आणि हिचं नाव काय?"

संध्याने यादीकडे बघितलं. ही यादी तिनेच बंद केली होती. "सावित्री," ती म्हणाली. "सावित्री भोये."

मीनाने ऐकलं. एवढंच हवं होतं तिला. तिने यादीतून नाव निवडलं आणि ती सावित्रीसारखी खेळू लागली. तिसऱ्या बेरजेपाशी चार सेकंद थांबली, हातचा विसरली, खार एक फांदी खाली आली. समितीतले दोघेजण अरेरे म्हणाले. मग हातचा आठवला. मग पुन्हा आठवला. खार शेंड्याला पोहोचली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बोरस्ते सरांनी डोळे पुसले. डोळे कोरडे होते, पण पुसले. दिल्लीच्या बाई संध्याला म्हणाल्या, मुलीला चूक स्वतःची स्वतः सापडते आहे, हे तुमच्या खेळाचं खरं यश. संध्या थँक्यू म्हणाली.

बाईंनी आपल्याजवळचं पेन काढून मुलीला दिलं. केंद्राने छापून आणलेली प्रशस्तिपत्रं होतीच. त्यातल्या एकावर सरांनी सुरेख अक्षरात सावित्री भोये असं लिहिलं आणि तेही मुलीच्या हातात दिलं. फोटो निघाला.

दुपारी शाळेतच ठराव झाला. संध्या गायधनी कायम झाली. ठरावानंतर समितीतलं कोण कुठल्या सुमोत बसेल याची यादी करायची होती. तिने पर्समध्ये हात घातला, एक घडी केलेला कागद सापडला, त्याची मागची बाजू कोरी होती. तिने त्यावर नावं लिहिली आणि तो ड्रायव्हरला दिला.

ती गाडीत चढत होती तेव्हा मीना धावत आली. एका हातात प्रशस्तिपत्र होतं, चुरगळू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. दुसऱ्या हातात पेन, दोन बोटांत धरलेलं, टोपण न काढलेलं.

"बाई, सावितरी होळीला येईल ना, मग तिला देते हे दोन्ही," मीना म्हणाली. "तवर आईच्या पेटीत ठेवते. मी पेन उघडलं पण नाय. तिला सांगा तुम्ही."